यंत्राचा दुभाष्या

जाम नदीच्या एका तीरावर पांढुर्णा आणि दुसऱ्या तीरावर सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होणाऱ्या गोटमारीमुळे ही दोन नावे दूरदूरपर्यंत पोहोचली आहेत. परंतु या परिसराची आणखी एक ओळख आहे, आणि आजच्या विषयाला तीच अधिक उपयोगी पडणार आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर आणि विदर्भाचे इतर जिल्हे त्या वेळच्या मुंबई राज्यात गेले, आणि पांढुर्णा व सौंसर हे तालुके मध्य प्रदेशात राहिले. २०२३ साली या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. घरात आणि संत्र्याच्या बागेत मराठी, तर कचेरीच्या कागदावर हिंदी, हा येथील नित्याचा व्यवहार आहे. त्यामुळे दुभाष्या म्हणजे कोण, आणि त्याच्यावाचून काय अडते, हे सावरगावच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. आज ज्या कार्यक्रमाची ओळख करून द्यावयाची आहे, तोही एक दुभाष्याच आहे. मात्र तो दोन माणसांमध्ये नव्हे, दोन यंत्रांमध्ये मध्यस्थी करतो.

त्यातील पहिले यंत्र म्हणजे पत्त्याच्या पानाएवढ्या एकाच पट्टीवर बसविलेला संगणक. इंग्लंडमधील केंब्रिज येथे स्थापन झालेल्या रास्पबेरी पाय या संस्थेने २९ फेब्रुवारी २०१२ रोजी असा एक संगणक विक्रीस काढला. गणकशास्त्र शिकावयास येणारे विद्यार्थी यंत्राच्या अंतरंगाशी पूर्वीसारखे परिचित नसतात, ही तेथील अध्यापकांची चिंता या उद्योगाच्या मुळाशी होती. मुलाने हाताळावा, बिघडला तरी घरादाराला घोर लागू नये, असा संगणक त्यांना हवा होता. पहिल्या नमुन्याची किंमत ३५ डॉलर ठेवली होती. त्याला पेटी नाही, पडदा नाही, कळफलक नाही. एका कडेला धातूच्या बारीक खुंट्यांची रांग आहे. त्या खुंट्यांना दिवा, मोटार किंवा मातीतील ओल मोजणारे साधन जोडता येते. त्याची कार्यप्रणाली, म्हणजे ज्याला आपण ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतो ती, नखाएवढ्या कार्डावर साठविलेली असते. ती डेबियन नावाच्या मुक्त लिनक्स प्रणालीवर आधारलेली आहे. पूर्वी तिला रास्पबियन म्हणत. २०२० पासून रास्पबेरी पाय ओएस हे नाव रूढ झाले.

आता ३५ डॉलर ही रक्कम ऐकावयास लहान वाटते. पण तेवढ्यात काम भागत नाही. वीज पुरविणारे साधन, कार्ड, पडदा, कळफलक आणि जोडणीच्या तारा असा पसारा त्याच्या मागे येतो, आणि अधिक स्मृतीच्या नव्या नमुन्यांची किंमत अर्थातच त्याहून जास्त असते. उलट, लॅपटॉप आज खेड्यातही अपरिचित राहिलेला नाही. मध्य प्रदेश शासन बारावीच्या परीक्षेत चांगले गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यांना लॅपटॉपसाठी २५,००० रुपयांचे साहाय्य देत आले आहे. तेव्हा सावरगावच्या एखाद्या घरात लॅपटॉप आहे, पण ही छोटी पट्टी नाही, अशी स्थिती सहज संभवते. अशा घरातील मुलाने किंवा मुलीने काय करावे? पट्टी हाती येईपर्यंत शिक्षण थांबवून ठेवावे काय? की त्या पट्टीची कार्यप्रणाली आपल्या लॅपटॉपवरच चालवून पाहावी? दुसरा मार्ग शक्य आहे; पण त्याला एक अडचण आहे, आणि ती अडचण भाषेची आहे.

संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. त्याला मराठी कळत नाही, हिंदी कळत नाही आणि इंग्रजीही कळत नाही. शून्य आणि एक यांच्या ठरावीक जुळण्या, एवढीच त्याची भाषा. पण सर्व प्रोसेसरांच्या जुळण्या एकच नसतात. आपल्याकडील बहुतेक लॅपटॉपांचे प्रोसेसर इंटेल कंपनीच्या १९७८ सालच्या ८०८६ या चिपेच्या वंशातले आहेत. रास्पबेरी पायचा प्रोसेसर एआरएम या वेगळ्या वंशातला. दोघांच्या बोलण्याची धाटणीच निराळी. एक साधे उदाहरण घेऊ. एआरएमला एकाच आज्ञेत सांगता येते, की अ आणि ब यांची बेरीज करून ती क या कप्प्यात ठेव. इंटेलच्या धाटणीत बेरजेची सर्वसाधारण आज्ञा अशी असते, की अ मध्ये ब मिळव. म्हणजे अ ची मूळ किंमत जपावयाची असेल, तर आधी ती क मध्ये उतरवून घ्यावी लागते आणि मग त्यात ब मिळवावा लागतो. एका आज्ञेच्या दोन झाल्या. आणखी पाहा. एआरएमच्या ६४ बिटांच्या प्रोसेसरात सर्वसाधारण कामाचे ३१ कप्पे हाताशी असतात. इंटेलच्या वंशातील ६४ बिटांच्या प्रोसेसरात असे कप्पे परंपरेने १६ आहेत. पहिल्याची प्रत्येक आज्ञा चार बाइटांची, एका मापाची. दुसऱ्याची एका बाइटापासून पंधरा बाइटांपर्यंत, गरजेप्रमाणे लहानमोठी. तेव्हा रास्पबेरी पायचे कार्ड उचलून लॅपटॉपमध्ये घातले, तर लॅपटॉप त्यावरील फायली पाहू शकेल, परंतु त्यातील कार्यक्रम चालवू शकणार नाही. कागद हाती आला, पण मजकूर कळला नाही, अशी त्याची अवस्था होईल.

येथे दुभाष्या लागतो. क्यूएमू नावाचा एक मुक्त कार्यक्रम हे काम करतो. फाब्रिस बेलार या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने तो २००३ साली प्रथम प्रसिद्ध केला आणि पुढे अनेकांनी मिळून वाढविला. त्याची रीत समजण्यासाठी तहसील कचेरीबाहेर बसणारा अर्जनवीस डोळ्यांसमोर आणावा. माणूस मराठीत आपले म्हणणे सांगतो. अर्जनवीस ते हिंदीत उतरवितो. तो एकेका शब्दासाठी थांबत नाही. वाक्य पुरे झाले की उतरवितो. क्यूएमूदेखील एआरएमच्या आज्ञांचा एक तुकडा एकदम घेतो. ज्या ठिकाणी कार्यक्रम एका जागेवरून दुसरीकडे उडी घेतो, तेथे तो तुकडा संपतो. त्या तुकड्याचे लॅपटॉपच्या भाषेत रूपांतर करून तो ते चालवितो. आणि चतुर अर्जनवीस ज्याप्रमाणे पुन्हा पुन्हा लागणाऱ्या मजकुराचा मसुदा जपून ठेवतो, त्याप्रमाणे क्यूएमूही एकदा केलेले रूपांतर स्मृतीत राखून ठेवतो. तोच तुकडा पुन्हा आला की नव्याने भाषांतर नाही. तयार मसुदा पुढे करावयाचा. संगणकाचे कार्यक्रम तीच ती आवर्तने हजारो वेळा करीत असल्याने या एका युक्तीने फार मोठा वेळ वाचतो.

तरीसुद्धा दुभाष्याचा वेळ लागतोच. एका आज्ञेच्या अनेक आज्ञा होतात, आणि पाहुण्या प्रोसेसरचे कप्पे स्मृतीत मांडून सांभाळावे लागतात. म्हणून लॅपटॉपचा प्रोसेसर त्या लहान पट्टीपेक्षा कितीही बलवान असला, तरी त्यावर चालणारी नक्कल मंद वाटते. पडद्यावर चित्रमय खिडक्या उघडावयाच्या असतील, तर धीर धरावा लागतो. ज्याला केवळ अक्षरांतून आज्ञा द्यावयाच्या आहेत, त्याचे काम बरेच सुखाने होते.

केवळ भाषा उतरवून मात्र भागत नाही. कार्यप्रणालीला प्रोसेसरप्रमाणेच घड्याळ, स्मृती, कार्डाची खाच, कळफलकाची जोडणी या साऱ्यांची अपेक्षा असते. ती ठरावीक पत्त्यावर ठरावीक वस्तू शोधते. न मिळाल्यास अडून बसते. म्हणून क्यूएमूला संपूर्ण पट्टीचे सोंग घ्यावे लागते. रास्पबेरी पायच्या काही नमुन्यांची सोंगे त्याच्यात तयार आहेत. तिसऱ्या नमुन्याचे सोंग घेतले, तर मूळ पट्टीप्रमाणेच चार गाभ्यांचा प्रोसेसर आणि एक गिगाबाइट स्मृती मिळते. चौथ्या नमुन्याचे सोंग २०२४ सालच्या आवृत्तीपासून आले.

प्रत्यक्षात विद्यार्थ्याने काय करावयाचे, ते आता क्रमाने सांगतो. प्रथम त्याने रास्पबेरी पायच्या अधिकृत भांडारातून कार्यप्रणालीची कार्ड-प्रतिमा उतरवून घ्यावी. कार्डावर जे जे असावयाचे, ते सर्व एका फायलीत जसेच्या तसे, म्हणजे कार्ड-प्रतिमा. चित्रमय पडदा नसलेली लहान आवृत्ती घेतली, तर उत्तम. दुसरी पायरी मापाची. क्यूएमूची खोटी खाच कार्डाचे माप दुपटीच्या क्रमातले मागते: दोन, चार, आठ, सोळा गिगाबाइट असे. प्रतिमा पाच गिगाबाइटची असेल, तर ती आठची करून द्यावी. त्यासाठीचे अवजार क्यूएमूच्या संचातच असते. पुष्कळ विद्यार्थी पहिल्या दिवशी येथेच अडतात आणि आपलाच लॅपटॉप दुबळा आहे असा समज करून घेतात. दोष लॅपटॉपचा नसतो. माप फक्त चुकलेले असते.

तिसरी पायरी थोडी नाजूक आहे. खऱ्या पट्टीला, तिसऱ्या नमुन्यापर्यंत तरी, वीज मिळताच प्रथम जागा होतो तो मुख्य प्रोसेसर नव्हे, तर चित्रे काढणारा जोडीदार. तोच कार्डावरून सुरुवातीचे कार्यक्रम वाचतो, कार्यप्रणालीचा गाभा स्मृतीत ठेवतो आणि मग मुख्य प्रोसेसरला उठवितो. क्यूएमूच्या सोंगात या जोडीदाराचे ते प्रभातकार्य नाही. म्हणून कार्ड-प्रतिमेच्या पहिल्या भागातून दोन फायली आपण स्वतः काढून घ्याव्या लागतात: एक गाभ्याची, म्हणजे कर्नेलची; आणि दुसरी पट्टीवर कोणती साधने कोठे आहेत याची यादी देणारी. या दोन्ही क्यूएमूच्या हाती दिल्या, कार्यप्रणालीचे मूळ कोणत्या भागात आहे ते सांगितले, आणि कळफलक, उंदीर व जाळ्याची जोडणी यू.एस.बी.च्या वाटेने लावली, की पडद्यावर अक्षरांच्या ओळी धावू लागतात. आणखी एक सूचना. पूर्वी प्रत्येक कार्डावर 'पाय' या एकाच नावाचे खाते आणि सर्वांना ठाऊक असलेला परवलीचा शब्द असे. सुरक्षिततेसाठी २०२२ मध्ये ती प्रथा बंद झाली. जुन्या पुस्तकांतील तो शब्द आता चालत नाही. आपले खाते आपणच निर्माण करावे लागते.

या मुख्य मार्गाशेजारी दोन आडवाटा आहेत. त्यांची गल्लत होऊ नये, म्हणून त्याही सांगतो. रास्पबेरी पाय संस्थेने २०१६ च्या डिसेंबरात आपल्या कार्यप्रणालीचा पडदा आणि कार्यक्रम साध्या संगणकासाठी उपलब्ध करून दिले. तेथे दुभाष्या नाही. तोच मजकूर इंटेलच्या भाषेत मुळातूनच लिहून काढलेला आहे. त्यामुळे तो झपाट्याने चालतो आणि जुन्या लॅपटॉपवरही शोभतो. मात्र त्याची आवृत्ती मूळ प्रणालीबरोबर पुढे गेलेली नाही, आणि एआरएमसाठी बनविलेला कार्यक्रम त्यावर जसाच्या तसा चालणार नाही. दुसरी आडवाट अशी, की लॅपटॉपवर लिनक्स असेल तर क्यूएमूला संपूर्ण पट्टीचे सोंग न देता केवळ एका कार्यक्रमापुरते दुभाषाचे काम सांगता येते. गाभा लॅपटॉपचाच राहतो. हे जलद असते. परंतु कार्यप्रणाली कशी जागी होते, हे त्यातून शिकता येत नाही. आणि ज्यांच्या लॅपटॉपचा प्रोसेसरच एआरएम वंशाचा आहे, जसे २०२० नंतरचे ॲपल कंपनीचे अनेक लॅपटॉप, त्यांना भाषांतराची गरज बहुतांशी उरत नाही. दोघे एकाच बोलीचे. मग मध्यस्थ कशाला?

श्रोतेहो, नक्कल हा शब्द आपल्याकडे थोडा हिणकस मानला जातो. म्हणून थोडा इतिहास सांगणे अगत्याचे आहे. ॲलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाने १९३६ साली दाखवून दिले, की योग्य वर्णन दिले तर एक सर्वसमावेशक यंत्र दुसऱ्या कोणत्याही गणनयंत्राचे काम करू शकते. आयबीएम कंपनीने १९६४ साली सिस्टीम ३६० ही नवी यंत्रमालिका जाहीर केली, तेव्हा ग्राहकांचे जुन्या यंत्रांसाठी लिहिलेले कार्यक्रम वाया जाऊ नयेत म्हणून तिच्या नमुन्यांत जुन्या यंत्रांच्या अनुकरणाची सोय ठेवली. आणि गंमत अशी, की एआरएम प्रोसेसरचा जन्मही अनुकरणातूनच झाला. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी त्याचा आराखडा केला तो केंब्रिजच्याच एकॉर्न कंपनीत. प्रत्यक्ष चिप घडविण्यापूर्वी त्यांनी बीबीसी बेसिक या भाषेत त्याचे अनुकरण लिहून आराखडा पारखून घेतला. खरी चिप १९८५ च्या एप्रिलमध्ये हाती आली. म्हणजे आज लॅपटॉपवर एआरएमची नक्कल करणारा विद्यार्थी त्या प्रोसेसरच्या जनकांच्याच वाटेने चालत असतो.

आपल्या मराठी मुलखातही या वाटेचा एक धागा आहे. प्रत्येक मुलाच्या हाती स्वस्त लॅपटॉप द्यावा, या हेतूने निघालेल्या एका आंतरराष्ट्रीय योजनेचा भारतातील प्रयोग २००७ साली रायगड जिल्ह्यातील खैरात या लहान गावाच्या प्राथमिक शाळेत सुरू झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या यंत्राच्या पडद्यावरील मांडणीचे नाव शुगर होते. ते यंत्र जगातील मोजक्या लोकांच्याच हाती होते; परंतु त्यासाठी कार्यक्रम लिहू इच्छिणारे पुष्कळ होते. त्यांनी काय केले? आपल्या साध्या संगणकावर क्यूएमूसारख्या कार्यक्रमात शुगर चालविली आणि यंत्र न पाहताच त्याच्यासाठी काम केले. यंत्र ज्याच्याजवळ नाही, त्यालाही त्या यंत्राच्या उभारणीत भाग घेता येतो, हा अनुकरणाचा मोठा लोकशाही गुण आहे.

दुसरा गुण निर्भयतेचा. कार्ड-प्रतिमा म्हणजे शेवटी एक फाइल. तिची एक प्रत बाजूला काढून ठेवावी आणि मग खुशाल प्रयोग करावेत. गाभ्याची फाइल पुसून पाहावी. प्रणाली का उठत नाही ते शोधावे. साऱ्या प्रणालीची भाषा मराठी करून पाहावी. लिनक्सच्या जगात मराठीची सोय आहे, आणि लोहित हा देवनागरी टंकही तेथे मुक्तपणे मिळतो. काही बिघडले, तर बिघडलेली प्रत टाकून दुसरी घ्यावी. घरात एकच लॅपटॉप आहे आणि त्यावर थोरल्या भावाचे काम आहे, अशा ठिकाणी ही निर्भयता फार मोलाची. नकलेत केलेली उलथापालथ लॅपटॉपच्या स्वतःच्या प्रणालीला सहसा स्पर्श करीत नाही.

परंतु हा गुण हाच त्याचा दोषही आहे, आणि आज जे मुख्यत्वे सांगावयाचे, ते हेच. नक्कल क्षमा करते. वस्तू क्षमा करीत नाही. रास्पबेरी पायच्या खुंट्या ३.३ व्होल्टच्या संकेताच्या आहेत. त्यांतील एखादीला चुकून ५ व्होल्टचा संकेत दिला, तर पट्टी कायमची निकामी होऊ शकते. क्यूएमूच्या पट्टीला खुंट्याच नाहीत. तेव्हा ही चूक तेथे घडत नाही आणि म्हणून कळतही नाही. संत्र्याच्या झाडाखालची ओल मोजून पंप सुरू करणारा कार्यक्रम लॅपटॉपवर लिहिता येईल, त्याचे तर्कशास्त्र खोट्या आकड्यांवर तपासता येईल. पण ओला झालेला सांधा, सैल तार, उन्हाने तापलेली पेटी आणि अवेळी गेलेली वीज यांचा पाठ तो लॅपटॉप देणार नाही. नकलेतील घड्याळही खऱ्या वेळेशी काटेकोर बांधलेले नसते. म्हणून मोटारीला क्षणाच्या हजाराव्या भागात द्यावयाचे ठोके तेथे पारखता येत नाहीत. कॅमेरा नाही, बिनतारी जोडणी नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम उभा केला, तो काम करता करता शिकावे या तत्त्वावर. ते तत्त्व संगणकालाही लागू आहे. बुद्धीला यंत्राचा स्वभाव कळणे ही एक गोष्ट, आणि हाताला त्याचा भरवसा येणे ही दुसरी.

तेव्हा शाळांनी आणि पालकांनी दोहोंची सांगड घालावी. वर्गातील प्रत्येक मुलासाठी एकेक पट्टी घेणे झेपणार नाही. त्याची आवश्यकताही नाही. शाळेत एखादी पट्टी असावी. आज्ञा शिकणे, फायलींची रचना समजणे, कार्यक्रम लिहिणे, प्रणाली मोडणे आणि पुन्हा उभी करणे, हे सर्व मुलांनी लॅपटॉपवरील नकलेत करावे. ज्याचा कार्यक्रम तेथे निर्दोष चालेल, त्याने तो घेऊन खऱ्या पट्टीपाशी यावे, शिक्षकांच्या देखत तारा जोडाव्या आणि मातीत साधन रोवून पाहावे. असे केले, तर पट्टी एक असूनही शिकणारे अनेक होतील, आणि तिच्यासमोरचा प्रत्येकाचा वेळ चाचपडण्यात जाणार नाही.

दुभाष्या चांगला असला, तर त्याच्या मदतीने परक्या दारात प्रवेश मिळतो; पण पुढे आपला व्यवहार आपल्यालाच करावा लागतो. सावरगावच्या मुलांनी या दुभाष्याचा उपयोग आतच सुरू करावा. पट्टी येईल तेव्हा येईल. ती आली की तिची भाषा त्यांना आधीच अवगत असेल, आणि उरेल ते फक्त हाताचे काम.